झेरॉक्सची काळी पावडर आणि तांब्याची पाटी

(तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुरणपोळीनंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलं आहे. समोर दोघांचे डोळे आत्ताच मिटायला लागलेत, त्यांना मी दोष देत नाही. म्हणून ठरवलं, की नुसतं बोलायचं नाही, बोलता बोलता हातानं काहीतरी करायचं. या टेबलावर इस्त्री आहे, पाण्याची बादली आहे, प्लॅस्टिकचा एक डबा आहे आणि दिवाळी अंकातून फाडलेली दोन पानं आहेत. इस्त्री बघून सकाळपासून तिघांनी विचारलं, 'काय रे, लाँड्री टाकली का?' नाही टाकली. या सामानातून आज आपण सर्किट बोर्ड करणार आहोत. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, मोटरचा स्टार्टर, काहीही उघडा, आत एक हिरवी पाटी दिसते, तिच्यावर तांब्याच्या रेघा आणि त्यावर डाखलेले बारके पार्ट. तीच पाटी, घरी, एका संध्याकाळीत.

संयोजकांनी मला 'तुझ्या क्षेत्राविषयी बोल' असं सांगितलं होतं. माझं क्षेत्र म्हणजे बंद पडलेल्या वस्तू उघडणं. त्यातला हा एक भाग मी निवडला, त्याला कारण आहे, ते शेवटाकडे येईल. थोडं पैशांचंही आहे, त्यामुळे खजिनदारांनी तरी जागं राहावं.

आधी या पाटीविषयी. जुन्या रेडिओचं मागचं झाकण ज्यांनी काढलं असेल त्यांना आठवेल, आत वायरींचं जाळं असायचं. एकेक वायर माणसानं हातानं जोडलेली. एक जोड सुटला की शोधत बसा. व्हिएन्नाचे एक इंजिनिअर होते, पॉल आइस्लर. ज्यू होते, नोकरी मिळेना, काही काळ छपाईच्या धंद्यात काम केलं आणि १९३६ मध्ये इंग्लंडला आले. छपाई जवळून पाहिलेल्या माणसाला जे सुचायला हवं तेच त्यांना सुचलं. वायरी जोडायच्या कशाला, त्या छापता येतील की. सपाट पाटीवर तांब्याचा पातळ थर चिकटवायचा, हव्या त्या रेघांवर शाई लावायची, आणि उरलेलं तांबं आम्लानं खाऊन टाकायचं. त्यांनी तसा रेडिओ करून दाखवला. सुरुवातीला कुणाला त्यात रस नव्हता. वायरी जोडणाऱ्या कामगारांची मजुरी स्वस्त पडते, असं त्यांना ऐकवलं गेलं. पुढे महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये हीच कल्पना वापरली गेली आणि मग जगानं ती उचलली. त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तो १९४३ मध्ये.

आता दुसरी गोष्ट, ही आपल्या ओळखीची. तहसीलसमोर झेरॉक्स काढायला आपण सगळेच उभे राहिलोय. सातबारा, जातीचा दाखला, टीसी. त्या मशीनच्या पोटात काय चालतं हे फार थोड्यांना माहीत असतं. चेस्टर कार्लसन नावाचे अमेरिकेतले गृहस्थ पेटंटच्या कचेरीचं काम करायचे. दिवसभर कागदांच्या नकला करून हात दुखायचे. त्यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरिया भागातल्या भाड्याच्या खोलीत पहिली कोरडी नकल काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी घेतली, ती रुमालानं घासली. प्लॅस्टिकची पट्टी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आपण वर्गात खेळायचो, तीच ही वीज. मग काचेवर लिहिलेली अक्षरं तिच्यावर ठेवून प्रकाश टाकला. प्रकाश पडला तिथली वीज निघून गेली, अक्षरांखालची राहिली. वरून भुकटी टाकली, ती फक्त अक्षरांना चिकटली. तो ठसा मेणकागदावर घेऊन गरम केला, की पक्का. त्यांनी लिहिलं काय होतं, तर ती तारीख आणि त्या जागेचं नाव. पुढे झेरॉक्स कंपनीतच गॅरी स्टार्कवेदर यांनी त्याच तत्त्वाला लेझरची जोड दिली आणि सत्तरच्या दशकात लेझर प्रिंटर आला.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. असते ती काळी पावडर, टोनर. आणि ती पावडर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिक, काळ्या रंगासाठी त्यात काजळी. मशीनमधून कागद गरम गरम बाहेर येतो तो याच्यामुळे, आतल्या तापलेल्या रोलरनं ते प्लॅस्टिक वितळवून कागदावर दाबलेलं असतं. आता डोकं चालवा. जे एकदा वितळून कागदावर बसलं, ते पुन्हा वितळवून दुसरीकडे नेता येईल का? येतं. आणि प्लॅस्टिक आम्लाला दाद देत नाही. म्हणजे आइस्लरना जी शाई हवी होती, ती झेरॉक्सवाल्याकडे दहा रुपयांत मिळते. इंकजेट प्रिंटर चालत नाही हे लक्षात ठेवा, त्यात खरोखरची पातळ शाई असते, ती पाण्यात उतरते.

इस्त्री तापतेय तोवर कागदाचं सांगतो. साधा कागद घेतला तर त्याचे तंतू टोनरला धरून ठेवतात, सोडतच नाहीत. आपल्या घाटाखाली कागजीपुऱ्यात हातकागद होतो. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेत आणली तेव्हापासूनची ती विद्या, असं तिथे सांगतात. त्या कागदासारखा देखणा कागद नाही, लग्नपत्रिकेला घ्या, पण या कामाला तो सगळ्यात वाईट. या कामाला हवा चकचकीत मासिकाचा कागद. त्याची चकाकी येते कुठून, तर चिनी मातीच्या बारीक लेपातून. टोनर त्या लेपावर बसतो, तंतूंपर्यंत पोचत नाही. पाण्यात भिजवलं की लेप सुटतो, कागद निघून येतो आणि टोनर तांब्यावर राहतो. दिवाळी अंकातली सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींची पानं मी वर्षभर जपून ठेवतो ती एवढ्यासाठी. छापील अक्षरं असली तरी बिघडत नाही, ती छपाईची शाई आहे, ती वितळून तांब्यावर येत नाही. फक्त पान ए-फोर मापाचं नीट कापा, पिनेची भोकं नकोत, आणि झेरॉक्सवाल्याला आधी सांगा. तो कुरकुर करतो, त्याचं बरोबर आहे, त्याच्या मशीनमध्ये पान अडकलं तर त्याचा दिवस जातो. इंकजेटसाठीचा फोटो पेपर मात्र त्याच्या मशीनमध्ये घालायला लावू नका. काही कागदांवर प्लॅस्टिकचा लेप असतो, तो रोलरवर वितळून बसला तर नुकसान मोठं.

नकाशा काढायला संगणकावर कायकॅड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. एका फ्रेंच प्राध्यापकांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं, आज जगभर वापरतात. छापताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, माप शंभर टक्के, 'पानात बसवा' हा पर्याय बंद. आयसीच्या दोन पायांतलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं, म्हणजे इंचाचा दहावा भाग. प्रिंटरनं पान जरासं लहान केलं तर सोळा पायांच्या आयसीचा पहिला पाय बसतो आणि आठवा बसत नाही. म्हणून कागद हातात आला की खरी आयसी त्यावर ठेवून बघायची. दुसरी, उलट-सुलट. कागदावरचं चित्र तांब्यावर उलटं उमटतं, शिक्क्यासारखं. सॉफ्टवेअर खालची बाजू वरून पाहिल्यासारखी दाखवतं, म्हणजे ती आधीच उलटी असते, तिला पुन्हा आरशात उलटवायची नाही. खात्रीसाठी कोपऱ्यात 'र' अक्षर टाकायचं. कागदावर ते उलटं दिसलं तर तांब्यावर सुलटं येणार.

हं, तापली इस्त्री. कॉटनच्या आकड्यावर आहे आणि वाफ बंद. ही पाटी काचेच्या धाग्यांची आहे, वर तांबं ३५ मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्मं. स्वस्तातली तपकिरी पाटीही मिळते, आपल्याकडे तिला हायलम म्हणतात, पण ती इस्त्रीनं वाकते. पाटी मी सकाळी बारीक पॉलिश पेपरनं घासली आणि थिनरनं पुसली. आता तिला कडेनंच धरायचं. बोटाचा तेलकट ठसा लागला की तिथे टोनर बसत नाही. कागद उपडा ठेवला, वर एक साधा कागद. आधी अर्धा मिनिट इस्त्री नुसती दाबून धरायची, हलवायची नाही, नाहीतर रेघा सरकतात. मग टोकानं कोपरे. एकूण चार मिनिटं. बाई, इस्त्रीला तुमच्या हातालाच जास्त सवय, असं म्हणायची माझी हिंमत नाही, पण कुणीतरी वेळ लावा.

झालं. आता थेट बादलीत. दहा मिनिटं भिजू दे.

(या ठिकाणी पाटी भिजेपर्यंत सरांनी दोन आठवणी सांगितल्या. त्या या अंकात वेगळ्या छापल्या आहेत.)

बघा, कागद अंगठ्यानं चोळला की लगदा होऊन निघतोय. काळ्या रेघा राहिल्या. एका ठिकाणी रेघ तुटलीय, ती कायमच्या मार्करनं जोडली. असं होतंच, त्यात बिघडत काही नाही.

आता हा प्लॅस्टिकचा डबा. यात फेरिक क्लोराइड आहे. दुकानात नुसतं 'फेरिक' म्हटलं तरी देतात. पाण्यात फेरिक टाकायचं, फेरिकवर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना ते तापतं आणि उसळू शकतं. हातमोजे घालायचे, चष्मा लावायचा. कपड्यावर पडलं तर तो पिवळा-तपकिरी डाग शर्टाबरोबरच जातो. स्टीलचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, भांडंच खातं ते. डबा कोमट पाण्याच्या परातीत ठेवून हलकेच डोलवत राहिलं की वीस-पंचवीस मिनिटांत उघडं तांबं गेलेलं असतं, काळ्या रेघांखालचं राहतं.

इथे मला एक गोष्ट सांगायचीय. गेल्या पावसाळ्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीनं मी आपल्या शाळेत दोन शनिवार नववी-दहावीच्या मुलांसमोर हेच केलं. फेरिकचं सूत्र फळ्यावर लिहिलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'सर, पुस्तकात मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की तांबं बाहेर पडतं. लोखंड जास्त क्रियाशील. मग इथे तांबं लोखंडाच्या क्षारात कसं काय विरघळतं? उलटं झालं ना?'

समोर बसलेले विज्ञानाचे सर हसतायत. सर, तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचा खिळा शाळेत अजून जिवंत आहे. या प्रश्नाला माझ्याकडचे कित्येक वर्षं धंदा करणारे लोक अडखळतील. उत्तर असं. लोखंडाचे आयन दोन तऱ्हेचे. फेरिकमध्ये लोखंडानं तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, फेरसमध्ये दोन. तांबं लोखंडाला धातू म्हणून बाहेर काढत नाहीच. फेरिक आयन तांब्याकडून फक्त एक इलेक्ट्रॉन घेतो आणि फेरस होऊन द्रावणातच राहतो. असे दोन फेरिक मिळून तांब्याच्या एका अणूचे दोन इलेक्ट्रॉन काढून घेतात. म्हणजे खिळ्याचा नियम मोडत नाही, ही झटापट वेगळ्या पायरीवर चालते. हे सांगितल्यावर ती मुलगी लगेच म्हणाली, 'मग हे द्रावण वापरून झालं की त्यात खिळा टाकला तर तांबं परत येईल?' बरोबर. अगदी तसंच करायचं असतं.

आणि ते करायचं असतं याला कारण आहे. इथे थोडा हिशेब करतो. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या पाटीवर तांबं असतं सुमारे तीन ग्रॅम. सगळं विरघळलं असं धरा. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, त्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे ते तीन ग्रॅम त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला साठ हजार लिटर पाणी लागेल. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे सहा टँकर. एका पाटीचं पाणी मोरीत ओतायचं म्हटलं तर एवढं. दुसरा उपाय नसेल तेव्हा मानक १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट देतं, म्हणून लगेच कुणी दगावतं असं मी म्हणत नाही. पण ज्या गावानं उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन धावलेलं आहे, तिथे हे पाणी विहिरीच्या कडेला ओतायला माझा हात होत नाही. माशांना तर तांबं याहून कितीतरी लवकर बाधतं.

तेव्हा वापरलेलं फेरिक बाटलीत भरून ठेवायचं, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायचं. पुष्कळ वेळा वापरता येतं. हिरवट पडून अगदीच मंद झालं की त्यात भांडी घासायची लोखंडी जाळी टाकायची. आधी उरलेलं फेरिक त्या लोखंडाला खातं, मग तांबं लाल चिखलासारखं खाली बसतं. ते गाळून घ्यायचं. राहिलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकायचा, फेस येतो म्हणून मोठं भांडं घ्यायचं, फेस थांबेपर्यंत. लोखंडही गाळ होऊन बसतं. गाळ वाळवून पिशवीत बांधून वेगळा ठेवायचा, धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. शेतात किंवा नाल्यात नाही. हे सगळं करायला बोर्ड करण्याइतकाच वेळ लागतो आणि पुष्कळ लोक हा भाग गाळतात. मुलांना शिकवायचं तर हा भाग आधी शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. तांबं कमी विरघळवणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय. रेघांमधल्या रिकाम्या जागा काळ्याच ठेवायच्या, ते तांबं पाटीवरच राहतं, फेरिकही कमी लागतं.

पुढचं पटकन. थिनरनं काळं पुसायचं, खाली चकचकीत तांबं दिसतं. ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडायची, जाड पायांच्या पार्टना १ मिलिमीटर. काचेची धूळ उडते, तोंडाला मास्क हवा. मग रेघांवर राळ लावून डाखाचा पातळ थर फिरवायचा म्हणजे तांबं काळवंडत नाही. लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मारायचा, नवसागराचा धूर निघायचा आणि पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. हेही तेच, त्याच्या नवसागराच्या जागी राळ आणि कथिलात थोडं शिसं मिसळलेलं. शिशामुळे काम झाल्यावर हात धुवायचे, आणि तोवर भेळ खायची नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि गेल्या आठवड्यात फोनवर एकानं विचारलंच, की आज ऑनलाइन मागवले तर कारखान्यात केलेले सुबक बोर्ड घरी येतात, मग हा उद्योग कशाला? प्रश्न योग्य आहे. दोन बाजूंचा बोर्ड असेल, बारीक पायांची आयसी असेल, पन्नास नग हवे असतील, तर मीही बाहेरूनच मागवतो. इस्त्रीच्या पद्धतीनं अर्ध्या मिलिमीटरची रेघ निर्धास्त येते, त्याखाली नशीब. भोकांच्या आतून तांबं चढवता येत नाही, वरचा हिरवा लेप नाही. आणि घरच्या बोर्डावर थेट घरगुती लाईट खेळवायला मी कुणाला सांगणार नाही. १२ व्होल्टवर जे करायचं ते करा.

पण बोर्ड आजच हवा असेल तर?

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आपल्याच वर्गातला एक जण, नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता मान खाली घालतोय. त्यानं नुकतीच अद्रक लावली होती. आपल्या तालुक्यात अद्रकीचं काय मोल आहे हे मी सांगायला नको. बेणं महाग, बेड पाडलेले, ठिबक अंथरलेलं, आणि नव्या लागणीला वर ऊन चाळिसाच्या पुढे. लाईट रात्रीची. रात्री एकला येणार, मध्येच जाणार, परत येणार. त्यामुळे मोटरला ऑटो बसवलेला, लाईट आली की स्टार्टर आपोआप उचलतो. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि ऑटोचा बोर्ड जळाला. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, नवीन पॅनल यायला आठ दिवस. आठ रात्री शेतावर जागून हातानं स्टार्टर दाबायचा, नाहीतर लागण वाळवायची. तो आणि त्याचे वडील आळीपाळीनं जागत होते. वडिलांचं वय पंचाहत्तरच्या पुढे.

त्यानं ते खोकं माझ्याकडे आणलं. ट्रान्सफॉर्मर ठीक, रिले ठीक, एक ट्रान्झिस्टर आणि दोन डायोड गेलेले. हे पार्ट कुठेही मिळतात. पण पाटीवरच्या रेघा जळून कोळसा झालेल्या, आणि जळलेली पाटी स्वतःच वीज वाहायला लागते, त्यामुळे वायरी टाकून तिला जगवणं धोक्याचं. पाटीचा फोटो काढला, संगणकावर त्यावरून रेघा गिरवल्या, जिथे कोळसा होता तिथे काय असणार हे सर्किट वाचून ठरवलं. संध्याकाळी सहाला झेरॉक्सचं दुकान बंद व्हायच्या आत प्रिंट काढली. रिलेच्या ज्या बाजूला स्टार्टरची लाईट येते, तिथे पाटीवर रेघ ठेवलीच नाही, इन्सुलेशनची जाड वायर थेट रिलेच्या पायाला डाखली. रात्री साडेदहाला बोर्ड भरून झाला. त्यानं तो नेला, बसवला, आणि एक वाजून दहा मिनिटांनी मला मिस्ड कॉल दिला. तो कॉल म्हणजे मोटर उचलली. त्या रात्री त्याचे वडील झोपले, असं तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. पीक कसं आलं ते त्यालाच विचारा. भाव कसा मिळाला ते मात्र विचारू नका.

तालुक्याच्या गावात असे किती बोर्ड दरवर्षी भंगारात जातात? इन्व्हर्टरचे, फवारणी पंपाच्या चार्जरचे, पिठाच्या गिरणीच्या पॅनलचे. दुरुस्ती करणारी पोरं आहेत आपल्याकडे, हुशार आहेत, पण बहुतेकांना 'बोर्ड बदला' एवढंच सांगता येतं, कारण बोर्ड करता येतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. शिकायला पंचवीस-तीस किलोमीटरवर शहर आहे, विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे, पूर्वीचं सीईडीटीआय, आताचं नायलिट. पण तिथवर जावंसं वाटायला आधी कुठेतरी हात काळे व्हावे लागतात.

म्हणून आता पैशांचा विषय. आपल्या तुकडीनं शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलंय आणि बहुमत स्वागत कमानीकडे आहे, हे मला माहीत आहे. कमानीवर तुकडीचं नाव येईल, फोटो चांगला येईल, मलाही आवडेल. तरीही मी आज उघडपणे विरोधात बोलतोय. प्रयोगशाळेच्या मागची खोली रिकामी आहे, मोडके बाक ठेवलेत. तिथे एक भक्कम टेबल, चार सोल्डरिंग गन, दोन मीटर, एक छोटा ड्रिल, एक जुना लेझर प्रिंटर, आधीच कुणीतरी टाकून दिलेला संगणक, धूर बाहेर फेकणारा पंखा आणि कुलूपबंद कपाट, ज्यात फेरिक राहील. याला कमानीच्या निम्मेही पैसे लागणार नाहीत. गवंडीकाम करणाऱ्या आपल्या मित्राकडून मी कमानीचा अंदाज घेतलाय, तो इथेच आहे, खोटं असेल तर सांगेल. सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे, सहावी ते बारावीसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. शाळेचा नंबर लागला तर सोन्याहून पिवळं. पण नंबर लागेपर्यंत आत्ताची नववी दहावी पास होऊन जाईल.

एक शंका रास्त आहे, सामान दिलं तर ते सांभाळणार कोण? शाळांना दिलेले संगणक प्लॅस्टिकच्या आवरणात म्हातारे झालेले आपण पाहिलेत. म्हणून सामानाबरोबर माणूस द्यायला हवा. महिन्यातले दोन शनिवार मी येईन. माझ्याशिवाय आणखी तिघं लागतील, म्हणजे कुणाला जमलं नाही तरी शनिवार चुकणार नाही. वायरमनकी केलेला आपला एक जण तयार आहे, औषधाचं दुकान असलेली आपली मैत्रीण रसायनांच्या नोंदी ठेवायला तयार आहे. चौथं नाव आज चहाच्या आत मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर मी माझा प्रस्ताव मागे घेतो आणि कमानीची वर्गणी भरतो. नुसती खोली सजवण्यात मला रस नाही.

डब्यातली पाटी झाली बघा. ही समोरच्या टोकाकडून फिरवा, कडेनं धरा, अजून थिनरनं पुसायचीय. हे सर्किट शाळेच्या गच्चीवरच्या टाकीसाठी आहे. टाकी भरली हे कळत नाही, मोटर चालू राहते, पाणी मैदानात वाहतं, आणि शिपाईमामा दिवसातून चारदा शिडी चढतात. पाच पातळ्यांना पाच दिवे. आत एकच आयसी, यूएलएन २००३, बाकी रेझिस्टर आणि एलईडी, १२ व्होल्टचा अॅडॅप्टर. टाकीत स्टीलच्या सळ्या सोडायच्या. सतत वीज सोडली तर पाण्यात सळ्या झिजतात, म्हणून बटण दाबल्यावरच दिवे लागतील अशी योजना केली आहे. ती त्याच मागच्या रांगेतल्या मुलीची. तिनं आणि आणखी तिघांनी नकाशा काढलाय, मी फक्त एक रेघ सरळ केली. ती आज बाहेर पाणी वाटपाच्या टेबलावर आहे.

भोकं पाडायची आणि पार्ट भरायचे राहिलेत, ते चहानंतर याच टेबलावर मुलं करतील. साडेपाचपर्यंत गच्चीवर बसवायचा आहे. शिडी आणलीय, ती धरायला दोन माणसं हवीत, वजनदार असली तर उत्तम, आणि तशी इथे कमी नाहीत.